वैयक्तिक डोमेन-नावावरील ईमेल : अल्प खर्चाच्या सेवेची निवड

जुन्या संशोधन-पत्रिकांचे अंक चाळीत असता एक गोष्ट सहज नजरेस येते. १९९५ नंतरच्या पाच-सात वर्षांतील अंकांत लेखकाच्या नावाखाली प्रथम त्याच्या घराचा वा महाविद्यालयाचा पत्ता असतो आणि त्याखाली, नव्या नवलाईने छापलेला, ईमेलचा पत्ता असतो. पुण्याच्या लेखकांच्या बाबतीत त्यात पुष्कळदा ‘जीआयएएसपीएन०१’ अशी काहीशी दुर्बोध अक्षरे आढळतात. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली, तिचे हे अवशेष होत. पुढे २००२ साली तो निगम टाटा उद्योगसमूहाकडे गेला आणि २००८ मध्ये त्याचे नावही पालटले. आज त्या पत्त्यावर पत्र धाडल्यास ते लेखकाच्या हाती पडेल अशी आशा करण्यात अर्थ नाही. गंमत अशी, की त्याच्याच वर छापलेला घराचा पत्ता कित्येकदा अजूनही उपयोगी पडतो.

हे स्मरण होण्यास एक ताजे निमित्त घडले. आमच्या परिचयाचे एक ज्येष्ठ अभ्यासक निवृत्त झाल्यानंतर काही काळाने त्यांचे संस्थेतील ईमेल-खाते बंद करण्यात आले. नियमाने पाहता त्यात संस्थेची चूक होती असे म्हणता येत नाही; परंतु मोडी कागदपत्रांच्या छायाप्रतींसंबंधी परदेशातील एका संग्रहालयाने त्यांना पाठविलेले उत्तर परत गेले, आणि हे त्यांना कळले ते पाच महिन्यांनी. त्यांच्या प्रकाशित लेखांखाली अद्याप तोच बंद पत्ता छापलेला आहे. त्यांनी आम्हांस विचारले : स्वतःच्या नावाचे डोमेन घेतले तर खर्च किती, आणि त्यावर येणारी पत्रे ठेवावयाची कोणाकडे? प्रस्तुत लेख या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरादाखल आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ईमेलच्या पत्त्यातील ‘ॲट’च्या चिन्हापूर्वीचा भाग व्यक्तीचा आणि नंतरचा भाग स्थानाचा, ही योजना रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये केली. त्या वेळी हे स्थान म्हणजे एक प्रत्यक्ष यंत्र असे. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन-नावांची सार्वत्रिक नोंदपद्धती सिद्ध केली आणि जानेवारी १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांच्या टिपणाने त्या पद्धतीत टपालासाठी ‘एमएक्स’ या स्वतंत्र नोंदीचा उपयोग निश्चित केला. अमुक नावासाठी आलेले टपाल कोणत्या यंत्राकडे सोपवावे, एवढेच ही नोंद सांगते. वरकरणी ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु नाव आणि यंत्र यांची फारकत तिच्यामुळेच झाली. नाव आपल्यापाशी राहते. त्याच्या टपालाचे काम आज एका व्यावसायिकाकडे, उद्या दुसऱ्याकडे देता येते, आणि पत्र धाडणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ज्या मनुष्याने एखाद्या मोठ्या कंपनीचा विनामूल्य पत्ता घेतला आहे, त्याला ही मोकळीक नसते. तो पत्ता कंपनीचा असतो. त्यातील केवळ ‘ॲट’पूर्वीचा तुकडा त्याचा असतो, तोही कंपनीची मर्जी असेतोवर.

म्हणून डोमेन-नावाची नोंदणी आणि ईमेलची सेवा या दोन वस्तू आहेत, आणि आमच्या मते त्या शक्यतो दोन वेगळ्या दुकानांतून घ्याव्यात. एकाच ठिकाणी दोन्ही घेणे सोयीचे असते हे खरे. परंतु त्या ठिकाणी खात्यासंबंधी तंटा उत्पन्न झाला किंवा खाते गोठविले गेले, तर नाव आणि पत्रे ही दोन्ही एकदमच अडकतात. ती वेगळी असल्यास सेवा देणाऱ्याशी बिनसले तरी नोंद बदलून दुसऱ्या दिवशी टपाल अन्यत्र वळविता येते.

दराच्या तुलनेकडे वळण्यापूर्वी ‘विनामूल्य’ या शब्दाचा विचार करणे अवश्य आहे. गूगलने २००६ मध्ये स्वतःच्या डोमेनवर जीमेलची सेवा विनामूल्य देऊ केली आणि असंख्य कुटुंबांनी व छोट्या मंडळांनी ती घेतली. ६ डिसेंबर २०१२ रोजी नव्या ग्राहकांसाठी ती बंद झाली. जुने मात्र तसेच राहिले. जानेवारी २०२२ मध्ये या जुन्यांनाही शुल्क भरावे लागेल असे जाहीर झाले आणि एकच गिल्ला झाल्यावर खाजगी वापर करणाऱ्यांना सवलत मिळाली. फ्रान्समधील गांदी ही नोंदणी-संस्था प्रत्येक नावाबरोबर दोन मेलबॉक्स विनामूल्य देत असे. २०२३ मध्ये तिची मालकी बदलली आणि त्याच वर्षी ही देणगीही संपली. या उदाहरणांवरून विनामूल्य सेवा घेऊच नये असे सिद्ध होत नाही. ज्या सेवेतून बाहेर पडण्याची वाट खुली आहे ती विनामूल्य असली तरी चालेल; जिची वाट बंद आहे ती स्वस्त असली तरी महागच पडते, इतकेच येथे म्हणावयाचे आहे.

बाहेर पडण्याची ही वाट म्हणजे व्यवहारात ‘आयमॅप’ होय. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ च्या सुमारास तयार केलेली ही पद्धती सर्व्हरवरील पत्रे कोणत्याही टपाल-प्रोग्रॅममधून वाचू देते आणि, आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एका सेवेतील सारी पत्रे दप्तरवार उचलून दुसऱ्या सेवेत ठेवू देते. चेन्नईच्या झोहो कंपनीची स्वतःच्या डोमेनसाठी असलेली विनामूल्य योजना पाच माणसांपर्यंत प्रत्येकी ५ जीबी जागा देते. तेवढ्याने बहुतेकांची गरज भागावी. परंतु तीत आयमॅप नाही, ते सशुल्क योजनेत आहे. स्वित्झर्लंडमधील प्रोटॉन पत्रे सांकेतिक रूपात ठेवते. त्यामुळे तेथे आयमॅप वापरावयाचे तर आपल्या संगणकावर ‘ब्रिज’ नावाचा मध्यस्थ प्रोग्रॅम चालू ठेवावा लागतो. ज्यांच्या पत्रव्यवहारात खरोखर गुप्त राखण्याजोगे काही आहे त्यांनी तो खटाटोप अवश्य करावा. शब्दकोशातील व्युत्पत्तीविषयक पत्रव्यवहारासाठी त्याची निकड आम्हांस तरी भासत नाही.

आता दराविषयी. ईमेल-सेवा दोन रीतींनी मोल आकारतात. पहिली रीत दर मेलबॉक्समागे किंवा दर माणसामागे दर महिन्यास ठरावीक रक्कम घेण्याची. गूगल, मायक्रोसॉफ्ट, तसेच मेलबर्नची १९९९ पासून चालत आलेली फास्टमेल या याच वर्गात मोडतात. एकट्या माणसाला ही रीत गैरसोयीची नाही. परंतु समजा, दर माणसी दर महिन्यास १२५ रुपये पडतात आणि घरातील पाच जणांना त्या नावावर पत्ते हवे आहेत. तर वर्षाचे ७,५०० रुपये झाले, आणि त्यांपैकी तिघांना महिन्यातून चार पत्रे येत असली तरी तेवढेच. दुसरी रीत एकूण वापरावर मोल घेण्याची. स्वित्झर्लंडचीच मिगाडू ही सेवा तिचे चांगले उदाहरण आहे. तिची सर्वांत लहान योजना बरीच वर्षे वर्षाला १९ डॉलर या दराने मिळत आलेली आहे. तीत मेलबॉक्स कितीही उघडावेत, मात्र दिवसाला बाहेर जाणारी पत्रे सुमारे २० आणि आत येणारी सुमारे २०० एवढी मर्यादा आहे. एखाद्या अभ्यासकाला किंवा छोट्या कुटुंबाला ती पुरेशी असते. पण ज्यास मंडळाच्या दोनशे सभासदांना सभेची सूचना धाडावयाची आहे त्याला ती पहिल्याच दिवशी आड येईल. ज्यांच्यापाशी ॲपलचा फोन आहे आणि जे आयक्लाउडच्या जादा जागेसाठी मुळातच पैसे भरतात, त्यांना २०२१ पासून त्याच रकमेत स्वतःच्या डोमेनवर पत्ते ठेवता येतात. ही सोय अनेकांच्या ध्यानीही नसते.

पत्ता आणि मेलबॉक्स हे एक नव्हेत, हेही येथे सांगितले पाहिजे. एकाच मेलबॉक्सला अनेक उपपत्ते, म्हणजे ‘एलियस’, जोडता येतात. लेखनासाठी एक, बँकेसाठी एक, दुकानदारांसाठी एक असे तीन पत्ते ठेवणाऱ्याला तीन मेलबॉक्सचे मोल भरण्याचे कारण नाही. कोणती सेवा किती उपपत्ते देते आणि त्या उपपत्त्यावरून उत्तरही धाडू देते की नाही, हे विचारून घ्यावे.

जागेचे प्रलोभन बहुधा निरर्थक असते. साध्या पत्रास काही किलोबाइट पुरतात. जागा खातात त्या जोडलेल्या फाइली. आणि या फाइली टपालात जाताना अक्षररूपात बदलल्या जात असल्यामुळे सुमारे एक-तृतीयांशाने फुगतात. २० एमबीचा छायांकित ग्रंथ टपालात २७ एमबीचा होतो आणि कित्येक ठिकाणी दारातूनच परत येतो. अशा फाइली अन्यत्र ठेवून त्यांचा दुवा पाठविण्याची सवय लावून घेतल्यास ५ जीबी जागा एका माणसाला वर्षानुवर्षे पुरते. पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर पाहून भुलू नये. दुसऱ्या वर्षाचा दर आणि त्यावरील अठरा टक्के वस्तू व सेवा कर मिळवून मग तुलना करावी.

येथवर पत्रे येण्याचा विचार झाला. पत्रे जाण्याचा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि स्वस्त सेवा निवडताना माणूस फसतो तो बहुधा येथेच. १९८२ साली आखलेल्या एसएमटीपी पद्धतीत पाकिटावर कोणीही कोणाचेही नाव पाठविणारा म्हणून लिहावे, त्याची शहानिशा करण्याची सोय नव्हती. पुढे निरुपयोगी व फसव्या टपालाचा महापूर आला, तेव्हा तीन उपाय एकापाठोपाठ एक योजले गेले. ‘एसपीएफ’ म्हणजे, या नावाच्या वतीने पत्रे धाडण्याचा अधिकार कोणत्या यंत्रांना आहे याची डोमेनच्या नोंदीत प्रसिद्ध केलेली यादी. ‘डीकेआयएम’ म्हणजे प्रत्येक पत्रावर केलेली सांकेतिक स्वाक्षरी. ती पडताळण्याची किल्ली डोमेनच्या नोंदीत जाहीर असते. ‘डीमार्क’ ही २०१५ मधील तिसरी नोंद या दोन्हींपैकी एकही न जुळल्यास पत्राचे काय करावे हे स्वीकारणाऱ्याला सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी प्रत्येक प्रेषकाकडून पहिल्या दोहोंपैकी निदान एक आणि दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे धाडणाऱ्यांकडून तिन्ही मागण्यास आरंभ केला. सेवा देणारा आपल्या डोमेनच्या नावाने डीकेआयएमची स्वाक्षरी करीत नसेल, तर तो कितीही स्वस्त असला तरी त्याज्य समजावा.

नोंदी बरोबर असल्या तरी तेवढ्याने भागत नाही. ज्या यंत्रावरून पत्र निघते त्याची पत बघितली जाते. १९९८ पासून काम करणारी स्पॅमहाउस ही संस्था व तिच्यासारख्या इतर संस्था संशयास्पद यंत्रांच्या याद्या ठेवतात आणि जगातील असंख्य टपाल-सर्व्हर त्या पाहूनच दार उघडतात. संकेतस्थळासाठी जागा देणाऱ्या कंपन्या तिच्याबरोबर ‘अमर्याद ईमेल’ फुकट देतात, त्यातील गोम येथे आहे. त्या एका यंत्रावर शेकडो संकेतस्थळे नांदत असतात. त्यांतील एखाद्यात कोणी चोरवाटेने शिरून फसवी पत्रे धाडू लागला की सबंध यंत्र यादीत जाते आणि आपले निरुपद्रवी पत्र समोरच्याच्या ‘स्पॅम’मध्ये पडून राहते. ते पडले आहे हे आपणांस कळतही नाही. परत आलेल्या पत्राचे दुःख निदान समजते. न वाचता पडून राहिलेल्या पत्राचा अर्थ आपण ‘त्यांनी उत्तर दिले नाही’ असा लावतो. म्हणून जिचा धंदा केवळ ईमेलचा आहे अशी सेवा किंचित अधिक मोल देऊनही घ्यावी, असे आमचे मत आहे.

याच कारणास्तव, स्वतःच भाड्याचे यंत्र घेऊन त्यावर टपाल-सर्व्हर चालविण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. ते शिकण्याजोगे आहे आणि महिन्याला काही शे रुपयांत साधतेही. परंतु अनेक पुरवठादार टपालाचा पंचविसावा पोर्ट बंद ठेवतात, आणि तो उघडला तरी नव्या यंत्राला पत नसते. ज्याला या विद्येची हौस आहे त्याने हौसेच्या डोमेनवर तिचा अभ्यास करावा. शोधप्रबंधाच्या परीक्षकाशी चाललेल्या पत्रव्यवहारावर करू नये.

मध्यम मार्ग म्हणून पुष्कळजण केवळ पत्रे पुढे धाडणारी सेवा घेतात. क्लाउडफ्लेअरने २०२१ मध्ये अशी सेवा विनामूल्य सुरू केली. स्वतःच्या पत्त्यावर आलेले पत्र ती आपल्या जुन्या विनामूल्य खात्याकडे वळविते. यात दोन न्यूने आहेत. वळविलेले पत्र मूळ यंत्राऐवजी मधल्या यंत्राकडून आलेले दिसल्यामुळे एसपीएफची पडताळणी बिघडते. मूळ पत्रावर स्वाक्षरी असल्यास ते निभावते, नसल्यास अडते. दुसरे असे, की उत्तर स्वतःच्या पत्त्यावरून कसे धाडावे हा प्रश्न तसाच राहतो. ज्यांना पत्ता छापावयाचा आहे परंतु क्वचितच लिहावयाचे आहे, त्यांच्यासाठी ही व्यवस्था वाईट नाही.

खुद्द नावासंबंधी थोडेसे सांगणे भाग आहे, कारण स्वस्ताईच्या नादात ते गमावणे हा सर्वांत मोठा धोका होय. ‘डॉट कॉम’ नावाचा घाऊक दर १ सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला १०.२६ डॉलर झाला. किरकोळ दर त्याहून थोडा अधिक असतो. मुदत संपल्यावर नूतनीकरणासाठी काही दिवस मिळतात, मग जबर शुल्क घेऊन सोडवून घेण्याचे ३० दिवस, त्यानंतर ५ दिवसांनी नाव बाजारात मोकळे होते. जो ते उचलील त्याच्याकडे आपली पत्रे जाऊ लागतात. बँकेचा वा अन्य खात्याचा संकेतशब्द बदलण्याचे दुवे ईमेलवरच येत असल्यामुळे, नाव गेले म्हणजे केवळ पत्ता गेला असे नव्हे, तर घराच्या सर्व किल्ल्या गेल्या. ‘नूतनीकरण आपोआप होईल’ यावर भारतातील ग्राहकाने विसंबू नये. वारंवार होणाऱ्या वसुलीसंबंधीचे रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले, आणि तेव्हापासून परदेशी कंपन्यांची अशी वसुली भारतीय कार्डांवर अनेकदा अडते. नाव एकदम दहा वर्षांपर्यंत घेता येते. ज्यास ऐपत आहे त्याने ते तसेच घ्यावे. आणि नोंदणी-संस्थेकडे संपर्कासाठी दिलेला पत्ता त्याच डोमेनवरील नसावा. मुदत संपल्याची सूचना मुदत संपलेल्या पत्त्यावर धाडली गेल्याची उदाहरणे विनोदी वाटली तरी दुर्मिळ नाहीत.

मराठी अभ्यासकास साहजिकच सुचणारा एक प्रश्न देवनागरी पत्त्याचा. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘डॉट भारत’ हे डोमेन देवनागरीत उपलब्ध झाले आणि मराठीचाही त्यात अंतर्भाव आहे. डोमेनच्या देवनागरी नावास रोमन अक्षरांतील एक सांकेतिक प्रतिरूप असते, त्यामुळे ते जुन्या यंत्रांनाही चालते. ‘ॲट’पूर्वीच्या भागास मात्र असे प्रतिरूप नाही. तो देवनागरीत लिहावयाचा तर पाठविणारा, मधला आणि स्वीकारणारा अशा सर्व सर्व्हरांनी २०१२ सालची नवी पद्धती अंगीकारलेली असली पाहिजे. जीमेलने २०१४ पासून असे पत्ते स्वीकारले. परंतु अल्प खर्चाच्या सेवांबाबत हे गृहीत धरू नये आणि सेवा घेण्यापूर्वी विचारून खात्री करावी. तूर्त देवनागरी पत्ता रोमन पत्त्याच्या जोडीस उपपत्ता म्हणून ठेवणे बरे.

एका सेवेतून दुसरीत जाण्याची रीत सोपी आहे, मात्र क्रम चुकू देऊ नये. आधी नव्या सेवेत सर्व मेलबॉक्स व उपपत्ते उघडावेत. मग एमएक्स नोंदीची ‘टीटीएल’, म्हणजे इतरांनी ती किती वेळ स्मरणात ठेवावी ती मुदत, दोन दिवस आधी कमी करावी. मग नोंद बदलावी. आणि जुने खाते निदान आठवडाभर चालू ठेवून त्यातील पत्रे आयमॅपने आणावीत. एसपीएफची जुनी नोंद काढून नवी लिहावी. दोन्ही एकत्र राहिल्यास दोन्ही निकामी ठरतात. मधल्या काळात काही तास गडबड झाली तरी घाबरू नये. समोरचे यंत्र प्रतिसाद देत नसल्यास पाठविणाऱ्या यंत्राने चार-पाच दिवस पुनःपुन्हा प्रयत्न करावा, असा ईमेलच्या पद्धतीचा संकेतच आहे.

वर उल्लेखिलेल्या अभ्यासकांनी ‘डॉट इन’चे नाव दहा वर्षांसाठी एका ठिकाणी घेतले आणि वापरावर मोल घेणारी ईमेल-सेवा दुसऱ्या ठिकाणी. संग्रहालयास त्यांनी नवा पत्ता कळविला. जुन्या पत्रांपैकी त्यांच्या घरच्या संगणकावर टपाल-प्रोग्रॅमने उतरवून ठेवलेली तेवढी आयमॅपने नव्या पेटीत नेता आली. उरलेला पत्रव्यवहार ज्यांच्याशी झाला होता त्यांच्याकडून प्रती मागवून घेण्याचे काम अजून चालू आहे.